टीसीपी ‘पोहोचले’ म्हणते तेव्हा नेमके कुठे पोहोचलेले असते?

प्रश्न थोडक्यात असा: एका संगणकावरचा प्रोग्रॅम टीसीपी (डेटा क्रमाने आणि न गळता पोहोचवणारा इंटरनेटचा प्रोटोकॉल) कनेक्शनवरून दुसऱ्या संगणकाकडे सतत नोंदी पाठवतो. सेंड कॉल, म्हणजे डेटा पाठवण्याचा आदेश, दर वेळी यशस्वी होतो, एरर येत नाही. तरीही मधेच नेटवर्क तुटले की काही नोंदी पलीकडे सापडत नाहीत. म्हणून कनेक्शन तुटल्यावर शेवटच्या नोंदी पुन्हा पाठवायची सोय केली, तर आता काही नोंदी दोनदा पडतात. टीसीपी विश्वासार्ह आहे ना, मग हे होते कसे? एखादे सेटिंग चुकले आहे, की सरळ यूडीपीवर (पोच किंवा क्रमाची हमी न देणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर) स्वतःचे काहीतरी लिहावे?

सेटिंग चुकलेले नाही, आणि यूडीपीकडे जाऊन हा प्रश्न सुटणारही नाही. टीसीपी आपले काम चोख करत आहे. फक्त तुम्ही त्याचे जे वचन गृहीत धरले आहे, ते त्याने कधी दिलेलेच नाही. त्याचे वचन असे आहे: एका बाजूने दिलेले बाइट दुसऱ्या बाजूच्या प्रोग्रॅमला त्याच क्रमाने मिळतील, मधला एकही गळणार नाही, एकही दुबार येणार नाही, आणि हे जमेनासे झाले तर कनेक्शन तोडले जाईल. तुटण्याच्या क्षणी पलीकडच्या प्रोग्रॅमने कुठपर्यंत वाचले होते, वाचलेल्यापैकी किती डेटाबेसमध्ये उतरले होते, याबद्दल टीसीपी काहीही सांगत नाही. तुमच्या हरवलेल्या आणि दुबार झालेल्या, दोन्ही प्रकारच्या नोंदी नेमक्या याच फटीतून येतात.

टीसीपी आत काय करते ते थोडे खोलात जाऊन सांगतो. तुम्हाला शेवटी जे लिहावे लागणार आहे, ती त्याचीच एक लहान आवृत्ती आहे, फक्त एक मजला वर.

सगळ्यात खाली आयपी आहे, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेट) पत्त्यावर धाडणारा थर, आणि आयपी कसलीही हमी देत नाही. राउटरच्या रांगेत जागा उरली नाही की नवे आलेले पॅकेट टाकून दिले जाते, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला त्याची खबरही दिली जात नाही. मार्ग बदलला तर नंतर निघालेले पॅकेट आधी पोहोचू शकते. खालच्या थराने एखादे पॅकेट पुन्हा पाठवले आणि मूळचेही पोहोचलेले असले, तर एकाच्या दोन प्रती येतात. हे दोष नाहीत, असे मुद्दाम ठरवलेले आहे. १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये आधी याच्या उलट होते. तिथे प्रत्येक ठिकाणी आयएमपी नावाचा वेगळा छोटा संगणक बसवलेला असे, आणि संदेश पूर्ण व क्रमाने पोहोचवण्याची जबाबदारी त्या आयएमपींच्या जाळ्याकडे होती. जोडलेल्या संगणकांनी नेटवर्कवर विसंबून राहायचे. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी सत्तरच्या दशकात सिक्लाद नेटवर्कमध्ये ही जबाबदारी उचलून टोकाच्या संगणकांवर ठेवली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तोच विचार पुढे नेला. त्यांना रेडिओ, उपग्रह आणि तारा अशी अगदी वेगवेगळ्या स्वभावाची नेटवर्के एकमेकांना जोडायची होती. त्या सगळ्यांकडून सारखीच हमी मागितली असती, तर निम्मी नेटवर्के जोडताच आली नसती. म्हणून नेटवर्ककडून कमीत कमी मागायचे आणि उरलेले टोकांनी सांभाळायचे असे ठरले. पुढे या एकाच प्रोटोकॉलचे आयपी आणि टीसीपी असे दोन भाग झाले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट त्यांच्यावर गेले.

टोकांनी सांभाळायचे, पण टोक म्हणजे नेमके कोणते? हा प्रश्न लक्षात ठेवा. तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे.

आता टीसीपीची युक्ती. ते पॅकेटांना नव्हे तर बाइटना क्रमांक देते. समजा पाठवणाऱ्याने १४६० बाइटांचे तीन तुकडे सोडले: १ ते १४६०, १४६१ ते २९२०, २९२१ ते ४३८०. इथरनेटच्या फ्रेममध्ये १५०० बाइट मावतात, त्यातले २० आयपीच्या आणि २० टीसीपीच्या हेडरला गेले की १४६० उरतात, म्हणून हा आकडा नेहमी दिसतो. मधला तुकडा वाटेत हरवला, तर घेणारा पोच पाठवताना ‘पुढचा १४६१ हवा’ एवढेच सांगतो. तिसरा तुकडा आलेला असला तरी पोच १४६१ चीच राहते, कारण ही पोच ‘इथपर्यंतचे सलग सगळे मिळाले’ अशा अर्थाची असते. या रचनेचा मोठा फायदा म्हणजे एखादी पोच हरवली तरी काही बिघडत नाही. पुढची पोच मागचे सगळे सामावून घेते. पाठवणारा पोच येईपर्यंत प्रत्येक बाइटची प्रत आपल्याजवळ ठेवतो. घेणारा क्रमांक पाहून दुबार आलेले टाकून देतो, आधी आलेले बाजूला ठेवतो आणि सलग झाले की वर देतो. क्रमांक, पोच आणि पोच येईपर्यंत जपून ठेवलेली प्रत: विश्वासार्हता म्हणतात ती या तीन गोष्टींतून उभी राहते.

उदाहरणात सोयीसाठी एकपासून मोजले, पण प्रत्यक्षात क्रमांकाची सुरुवात एकपासून होत नाही. प्रत्येक कनेक्शनसाठी ती वेगळी आणि अंदाज न येणारी निवडली जाते, म्हणजे जुन्या कनेक्शनचे वाटेत रेंगाळलेले पॅकेट नव्यात मिसळत नाही आणि बाहेरच्या कोणाला खोटे पॅकेट घुसवणे अवघड जाते. दोन्ही बाजूंना आपापला सुरुवातीचा क्रमांक समोरच्याला कळवून त्याची पोच मिळवायची असते. कनेक्शन उघडताना होणारी तीन पॅकेटांची देवाणघेवाण त्यासाठीच असते. क्रमांक ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४२९ कोटी बाइटनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाने ही फेरी साधारण ३४ सेकंदांत पूर्ण होते. म्हणून वेगवान कनेक्शनवर प्रत्येक तुकड्यासोबत वेळेचा शिक्काही जातो आणि जुन्या फेरीतला तुकडा त्यावरून ओळखू येतो.

खरा कठीण भाग आहे तो वाट पाहण्याचा. पोच आली नाही, तर किती वेळ थांबून तुकडा पुन्हा पाठवायचा? लवकर पाठवला तर विनाकारण गर्दी, उशिरा पाठवला तर वेग मेला. शेजारच्या संगणकाची पोच मिलिसेकंदाच्या आत येते, उपग्रहमार्गे अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, आणि एकाच मार्गावर हा वेळ गर्दीप्रमाणे बदलत राहतो. टीसीपी हा वेळ सतत मोजते. नव्या मापाला एक अष्टमांश आणि जुन्या सरासरीला सात अष्टमांश वजन देऊन सरासरी काढते. शिवाय मापे सरासरीपासून किती भरकटतात त्याचाही हिशेब ठेवते आणि सरासरीत त्या भरकटण्याची चौपट मिळवून मुदत ठरवते. सरासरीसोबत चढउतारही मोजायचा, हे मला या सगळ्या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. मार्ग स्थिर असेल तर मुदत आपोआप आवळली जाते, अस्थिर असेल तर सैल होते. पुन्हा पाठवलेल्या तुकड्याची पोच आली तर ती पहिल्या प्रतीची की दुसऱ्या, हे सांगता येत नाही. म्हणून असे माप हिशेबात धरत नाहीत. हा नियम १९८७ मध्ये फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज यांनी मांडला. मुदत संपून पुन्हा पाठवावे लागले की पुढची मुदत दुप्पट होते, मग चौपट, अशी वाढत जाते.

दर वेळी मुदत संपायची वाट पाहावी लागत नाही. वरच्या उदाहरणात १४६१ चा तुकडा हरवला आणि मागचे तुकडे येत राहिले, तर घेणारा प्रत्येकाला ‘१४६१ हवा’ असेच उत्तर देत राहील. अशी तीच ती पोच तीनदा जास्तीची आली की पाठवणारा ओळखतो, की काहीतरी नक्की गळले आहे, आणि तो तुकडा लगेच पुन्हा सोडतो. १९९६ पासून घेणाऱ्याला ‘१४६१ हवा, पण २९२१ ते ४३८० माझ्याजवळ आहे’ असेही सांगता येते. त्यामुळे जे खरोखर हरवले तेवढेच पुन्हा जाते.

इथे ऑक्टोबर १९८६ ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुन्हा पाठवणे हे औषध जितके गुणकारी तितकेच घातक कसे ठरते ते तिच्यातून दिसते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यात अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. नेटवर्क तुटले नव्हते, उलट तुडुंब भरले होते. रांगा भरल्या की पॅकेट गळत, गळली की सगळे संगणक ती पुन्हा सोडत, त्याने रांगा आणखी भरत. नेटवर्क पूर्ण क्षमतेने राबत होते, पण बहुतांश वेळ आधीच एकदा गेलेल्या पॅकेटांच्या प्रती वाहत होते. व्हॅन जेकबसन यांनी यावर काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला: गळलेले पॅकेट ही गर्दीची खूण समजायची आणि वेग झटकन कमी करायचा, सगळे सुरळीत असेल तर तो हळूहळू वाढवायचा. चढउतार मोजून मुदत ठरवण्याची रीतही त्याच कामातली. आज लिनक्सवर साधारणपणे क्युबिक नावाची पद्धत चालते, २०१६ मध्ये गूगलने बीबीआर आणली, पण प्रत्येक टोकाने स्वतःहून आवर घालायचा हे तत्त्व तेच राहिले. तुम्ही जे पुन्हा पाठवण्याचे कोड लिहिले आहे त्यालाही हेच लागू आहे, त्याकडे परत येतो.

गर्दीचा आवर वेगळा आणि घेणाऱ्याच्या क्षमतेचा आवर वेगळा. घेणारा प्रत्येक पोचेबरोबर ‘माझ्याकडे आता इतकी जागा आहे’ असे कळवतो, त्याला विंडो म्हणतात. पलीकडचा प्रोग्रॅम वाचायचा थांबला की त्याच्या संगणकाचा बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवण्याची जागा, भरतो, विंडो शून्य होते, मग तुमच्या बाजूचा बफर भरतो आणि शेवटी सेंड कॉल अडकून राहतो. विंडोचा मूळ आकडा १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. जाऊन परत येण्याच्या फेरीला २०० मिलिसेकंद लागणाऱ्या मार्गावर एवढ्या विंडोने सेकंदाला साधारण २.६ मेगाबिटच जातील, मग तार कितीही मोठी असो. आज विंडोला गुणक लावून ती एक गिगाबाइटपर्यंत वाढवता येते. वेग कमी मिळतो अशी तक्रार आली की मी आधी फेरीचा वेळ आणि विंडो यांचा हा भागाकार करून पाहतो, बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडते.

वाटेत बाइट बदलले तर? टीसीपीचे चेकसम, म्हणजे चूक पकडण्यासाठी सोबत जाणारा आकडा, १६ बिटांची साधी बेरीज आहे. १६ बिटांच्या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच येते आणि चूक सुटते. इथरनेटची सीआरसी नावाची तपासणी याहून बरीच भक्कम असते, पण ती एका तारेपुरती. राउटरच्या मेमरीत बिघडलेल्या पॅकेटला पुढच्या तारेवर नवी, बरोबर सीआरसी लागते. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तारेवरची तपासणी पार करूनही टीसीपीचे चेकसम जुळत नाही अशी पॅकेट ११०० मध्ये एक ते ३२,००० मध्ये एक इतक्या प्रमाणात आढळली होती. म्हणून महत्त्वाचा डेटा टीएलएसमधून, म्हणजे टीसीपीवरच्या कूटबद्ध थरातून, पाठवा. तिथली तपासणी कितीतरी कडक असते. मोठ्या फाइलींसाठी मी पाठवणाऱ्याने काढलेला हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) घेणाऱ्याने डिस्कवरून परत वाचून पडताळावा असा आग्रह धरतो.

आता तुमच्या सेंड कॉलकडे. तो यशस्वी झाला म्हणजे तुमचे बाइट तुमच्याच संगणकाच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) आपल्या बफरमध्ये घेतले. बस. त्यातला एकही अजून तारेवर गेलेला नसू शकतो. पलीकडून टीसीपीची पोच आली, तरी तिचा अर्थ पलीकडच्या कर्नलला ते मिळाले एवढाच. पलीकडचा प्रोग्रॅम ते वाचण्याआधी कोसळला, तर कर्नलने पोच दिलेले बाइट त्याच्याबरोबर नाहीसे होतात. प्रोग्रॅमने वाचले पण डेटाबेसमध्ये घालण्याआधी वीज गेली, तरी तेच. तुमच्या बाजूला मात्र त्या बाइटची प्रत कर्नलने पोच मिळताच पुसून टाकलेली असते. दोन्हीकडे टीसीपीचे काम निर्दोष झाले आणि नोंद कुठेच नाही.

टोक कोणते, हा प्रश्न इथे सुटतो. टीसीपीच्या दृष्टीने टोक म्हणजे कर्नल. तुमच्या दृष्टीने टोक म्हणजे पलीकडच्या डेटाबेसमध्ये पक्की झालेली नोंद. विश्वासार्हता हवी असेल तर पोच त्या टोकावरून यायला हवी. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८१ मध्ये हाच युक्तिवाद फाइल पाठवण्याचे उदाहरण घेऊन मांडला होता. मधले नेटवर्क कितीही भरवशाचे केले तरी डिस्क वाचताना, मेमरीत किंवा लिहिताना चूक होऊ शकतेच. त्यामुळे शेवटची तपासणी टोकाला करावीच लागते. मधली हमी फक्त काम वेगाने होण्यापुरती उपयोगाची.

तुटल्याचे कळायला वेळ लागतो, हाही भाग ध्यानात घ्या. पलीकडचा प्रोग्रॅम मेला तर त्याचा कर्नल कनेक्शन बंद करतो आणि तुम्हाला लगेच कळते. पण संगणकाची वीज गेली किंवा मधली तार तुटली तर कोणीच काही सांगत नाही, फक्त शांतता पसरते. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार पोच न आलेला तुकडा पुन्हा पुन्हा पाठवून हार मानायला साधारण १५ मिनिटे लागतात. तेवढा वेळ तुमचा सेंड कॉल, बफरमध्ये जागा असेपर्यंत, खुशाल यशस्वी होत राहतो. आणि तुम्ही काहीच पाठवत नसाल तर तुटल्याचे कधीच कळणार नाही. टीसीपीचे कीपअलाइव्ह, म्हणजे शांत कनेक्शन जिवंत आहे का ते तपासण्याची सोय, चालू केले तरी त्याची मूळ मुदत दोन तासांची आहे, आणि मधल्या फायरवॉलने किंवा नॅटने (पत्ते बदलून देणाऱ्या राउटरने) त्याआधीच ते निष्क्रिय कनेक्शन आपल्या यादीतून काढून टाकलेले असते. म्हणून मी वरच्या थरातच दर काही सेकंदांनी छोटा ‘आहेस का’ संदेश ठेवतो आणि त्याचे उत्तर ठरलेल्या वेळात आले नाही तर स्वतःहून कनेक्शन बंद करतो.

वाटेत आणखी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण नोंदी ‘हरवण्याची’ ही कारणे मला फार वेळा दिसली आहेत. टीसीपी बाइटचा प्रवाह देते, त्याला संदेश माहीत नाहीत. तुम्ही दोनदा सेंड केले तर पलीकडे एकदाच वाचून दोन्ही मिळतील, किंवा दीड मिळेल, किंवा पहिल्याचा अर्धाच. प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी पाठवा आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहा. एका वाचनात एक नोंद येते असे धरून लिहिलेला कोड एकाच संगणकावरच्या चाचणीत उत्तम चालतो आणि खऱ्या नेटवर्कवर फुटतो. दुसरे म्हणजे कनेक्शन बंद करण्याची रीत. तुमच्या बफरमध्ये पलीकडून आलेले न वाचलेले बाइट असताना तुम्ही सॉकेट (प्रोग्रॅमकडचा कनेक्शनचा दुवा) बंद केले, तर लिनक्स नेहमीच्या समारोपाऐवजी रीसेट, म्हणजे कनेक्शन तडकाफडकी तोडणारे पॅकेट, पाठवते, आणि तुम्ही शेवटी पाठवलेल्या नोंदी पलीकडच्या प्रोग्रॅमने वाचण्याआधीच वाया जाऊ शकतात. आधी फक्त लिहिण्याची बाजू बंद करा, पलीकडून शेवट आल्याचे वाचा, मग सॉकेट सोडा.

आता दुबार नोंदींकडे येऊ. समजा पलीकडच्या प्रोग्रॅमने नोंद डेटाबेसमध्ये पक्की करून तुम्हाला पोच पाठवली, आणि नेमकी तेव्हाच तार तुटली. तुमच्या बाजूने पाहिले तर ही स्थिती आणि नोंद पोहोचलीच नाही ही स्थिती यांत काडीचाही फरक नाही. पोचेची पोच मागितली तर ती हरवू शकते, तिची पोच मागितली तर तीही. कितीही फेऱ्या वाढवल्या तरी भरवशाच्या नसलेल्या मार्गावर दोन्ही बाजूंना पूर्ण खात्री देता येत नाही, हे १९७५ मध्येच मांडले गेले. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचा प्रश्न असे नाव दिले. हे सिद्ध झालेले आहे. अधिक हुशार कोड लिहून यातून सुटका नाही. तुमच्यापुढे दोनच मार्ग राहतात: शंका आली तर पाठवू नका, म्हणजे नोंद कधी तरी हरवेल, किंवा शंका आली तर पुन्हा पाठवा, म्हणजे कधी तरी दुबार जाईल. हरवलेले परत आणता येत नाही, दुबार ओळखता येते. म्हणून दुसरा मार्ग घ्यायचा आणि दुबार ओळखण्याची सोय घेणाऱ्याकडे करायची.

पाठवणाऱ्याने नोंद तयार होताच तिला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि नोंद व क्रमांक दोन्ही डिस्कवर लिहावे. त्यानंतरच पाठवायला घ्यावे. हा क्रमांक पाठवताना नव्हे, नोंद जन्माला येताना ठरला पाहिजे. प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक देणारा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की हे आवर्जून सांगतो: तसे केले तर घेणाऱ्याला प्रत्येक प्रत नवीच वाटणार आणि सगळी खटपट फुकट जाणार. पाठवणाऱ्याच्या डिस्कवरची प्रत घेणाऱ्याच्या प्रोग्रॅमकडून पोच येईपर्यंत तशीच राहते. प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला तर पोच न आलेले सगळे क्रमाने परत पाठवायचे.

घेणाऱ्याकडे नोंद आल्यावर ती डेटाबेसमध्ये घालणे आणि तिचा क्रमांक ‘आलेला’ म्हणून नोंदवणे ही दोन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झाली पाहिजेत. आधी क्रमांक नोंदवला आणि मग कोसळला, तर परत आलेली नोंद दुबार समजून टाकली जाईल आणि कायमची हरवेल. आधी नोंद घातली आणि क्रमांक राहिला, तर ती दोनदा पडेल. एकत्र झाली तर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. ट्रान्झॅक्शन पक्के झाले, डिस्कवर खरोखर उतरले, की मगच पोच पाठवायची. आणि क्रमांक आधीच आलेला असेल तर नोंद टाकून द्यायची, पण पोच मात्र पाठवायचीच. नाहीतर पाठवणारा बिचारा तीच नोंद जन्मभर पाठवत राहील.

आलेले सगळे क्रमांक किती दिवस साठवायचे हा पुढचा प्रश्न येतो. तुमच्याकडे एका पाठवणाऱ्याच्या नोंदी क्रमानेच जात असतील तर त्यांना १, २, ३ असे सलग क्रमांक द्या. मग घेणाऱ्याला प्रत्येक पाठवणाऱ्यामागे एकच आकडा जपावा लागतो: कुठपर्यंत सलग आले. पोचही तशीच, ‘इथपर्यंतचे सगळे पक्के झाले’. टीसीपीने बाइटसाठी जे केले तेच तुम्ही नोंदींसाठी केले, आणि इथेही एखादी पोच हरवली तर पुढची ती भरून काढते. प्रत्येक नोंदीच्या पोचेसाठी थांबू नका, काहीशे नोंदी वाटेत असू द्या. फेरीचा वेळ मोठा असेल तर वेगातला फरक प्रचंड पडतो. पोच न आलेल्या नोंदींवर मर्यादा मात्र ठेवा, नाहीतर घेणारा मंदावला की तुमची डिस्क भरेल.

पुन्हा जोडण्याच्या आणि पाठवण्याच्या प्रयत्नांमधले अंतर दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा. सर्व्हर बंद पडून परत उठला आणि शेकडो पाठवणारे त्याच सेकंदाला तुटून पडले, तर तो लगेच पुन्हा आडवा होतो. १९८६ मध्ये नेटवर्कच्या रांगांमध्ये जे घडले तेच मग तुमच्या सर्व्हरवर घडते.

यूडीपीबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. जिथे उशिरा आलेला डेटा निरुपयोगी असतो, उदाहरणार्थ आवाज किंवा थेट चित्र, तिथे यूडीपी योग्य. गळलेला तुकडा परत मागवेपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेले क्विक नावाचे प्रोटोकॉल यूडीपीवरच उभे आहे, आणि त्यात एका प्रवाहातला तुकडा हरवला म्हणून बाकीचे प्रवाह अडत नाहीत, हा खरा फायदा आहे. पण त्याची पोचही पलीकडच्या क्विकपर्यंत पोहोचल्याचीच असते, तुमच्या डेटाबेसपर्यंत नव्हे. यूडीपीवर स्वतःचे लिहायला घेतले तर क्रमांक, मुदत, गर्दीचा आवर हे सगळे नव्याने उभे करावे लागेल आणि एवढे करूनही वरचा क्रमांक व पोच सुटणार नाही. तुमच्या नोंदींसाठी टीसीपीच ठेवा.

हे बसवले की चाचणी मात्र निर्दय करा. घेणाऱ्याचा प्रोग्रॅम नुसता बंद करून पाहणे पुरेसे नाही, कारण तेव्हा कर्नल सभ्यपणे कनेक्शन मिटवतो. फायरवॉलचा नियम घालून दोन्ही दिशांची पॅकेट गुपचूप टाकून द्या, मग फक्त एकाच दिशेची टाकून द्या. एका दिशेने जाते आणि उलट दिशेने येत नाही, अशा वेळी दुबार नोंदी सर्वाधिक तयार होतात. लिनक्सच्या नेटएम सोयीने काही टक्के पॅकेट गाळा, काही उशिरा पोहोचवा, काहींचा क्रम बदला. आणि घेणाऱ्याच्या कोडमध्ये दोन जागी मुद्दाम प्रोग्रॅम ठार मारण्याची सोय करा: ट्रान्झॅक्शन पक्के होण्याच्या लगेच आधी, आणि पक्के झाल्यावर पण पोच जाण्याआधी. पाठवणाऱ्यालाही नोंद डिस्कवर लिहिल्यानंतर आणि पाठवण्याआधी मारून पाहा. हे रात्रभर आपोआप चालू ठेवा आणि सकाळी दोन्हीकडचे क्रमांक आणि नोंदी जुळवा. एखादा क्रमांक मधे नसेल तर पोच कुठेतरी लवकर जाते आहे. एखादी नोंद दोनदा असेल तर नोंद आणि क्रमांक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नाहीत, किंवा क्रमांक प्रत्येक प्रयत्नाला नवा तयार होतो आहे.